'याआत्स' : सल्ला, मसलत की कट? हिब्रू बायबलमधलं एक क्रियापद वाचण्याची रीत

नाताळच्या उपासनेत यशयाच्या नवव्या अध्यायातलं सहावं वचन हमखास वाचलं जातं. 'अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती.' यातल्या 'मंत्री' या शब्दापाशी मी पुष्कळ वर्षं अडखळत होतो. मंत्री म्हटलं की आज डोळ्यांपुढे खातं, बंगला आणि लाल दिवा येतो. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतला 'मंत्री' म्हणजे वाकनीस; राजाच्या खाजगी कारभाराची जबाबदारी त्याच्याकडे होती. त्याच्याही मागे गेलं तर संस्कृतात 'मंत्र' म्हणजे चार भिंतींआड केलेला विचारविनिमय, आणि तो जो करतो तो मंत्री. मराठी भाषांतरकारांच्या मनात हा जुना अर्थ होता. मूळ हिब्रूत तिथे 'योएत्स' आहे, आणि तो आला आहे 'याआत्स' या क्रियापदापासून.

शब्दकोशात याआत्सपुढे 'सल्ला देणे' असं लिहिलेलं सापडतं. ते खरं आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर निम्म्या वचनांचा अर्थ हातातून निसटतो. हेच क्रियापद कट शिजवणाऱ्या राजांसाठी येतं, युद्धाचा बेत ठरवणाऱ्यांसाठी येतं आणि एखाद्या राष्ट्राविषयी देवाने केलेल्या निश्चयासाठीही येतं. हिब्रू माणसाला हे वेगवेगळे अर्थ वाटतच नव्हते. त्याच्या लेखी याआत्स म्हणजे पुढे काय करायचं ते ठरवणं. ते दुसऱ्याकरता ठरवून त्याला सांगितलं की सल्ला, चौघांनी मिळून ठरवलं की मसलत, दुसऱ्याच्या वाईटावर ठरवलं की कट, आणि देवाने ठरवलं की संकल्प. हे एकदा मनात बसलं की पुढचं काम सोपं होतं.

कोणतंही वचन हाती घेतलं की मी ज्या क्रमाने जातो तो क्रम इथे मांडतो. हिब्रू लिपी येत नसली तरी चालेल. मराठी बायबल, मोबाइलवर ओळीखाली अर्थ दाखवणारं एखादं हिब्रू बायबल आणि स्ट्राँगचे क्रमांक एवढं पुरे. हे क्रमांक जेम्स स्ट्राँग यांनी 1890 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बायबलच्या शब्दसूचीतले आहेत, प्रत्येक मूळ शब्दाला एक आणि बहुतेक सगळी अॅप्स ते वापरतात. मोठेपणी हिब्रूकडे वळणं म्हणजे अशक्य काहीतरी, असं वाटत असेल तर केडगावच्या पंडिता रमाबाई आठवाव्यात. बायबल साध्या मराठीत, मुळातून उतरवायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच कामात होत्या.

पहिली पायरी : शब्द त्याच कुळातला आहे ना, ते पाहा

याआत्सचा क्रमांक 3289. त्यापासून झालेलं नाम 'एत्सा', म्हणजे सल्ला, मसलत किंवा बेत. त्याचा क्रमांक 6098. दोन्ही शब्द हिब्रू बायबलमध्ये प्रत्येकी ऐंशीहून थोडे अधिक वेळा येतात, म्हणजे सगळी ठिकाणं एका महिन्यात निवांत वाचून होतात. तिसरा शब्द 'मोएत्सोत', क्रमांक 4156. हा कायम अनेकवचनी असतो आणि बहुतेकदा माणसांच्या हट्टी, आपमतलबी बेतांसाठी येतो. स्तोत्र 81 मध्ये देव म्हणतो की मी त्यांना त्यांच्या मनाच्या हट्टावर सोडून दिलं, त्यांनी आपल्या मोएत्सोतप्रमाणे चालावं. एज्रा आणि दानिएल या पुस्तकांतल्या अरामी भागांत हाच धातू 'येअट' (क्रमांक 3272) असा दिसतो. एज्राच्या सातव्या अध्यायात पर्शियाच्या राजाचे सात सल्लागार येतात, ते याच शब्दाने.

हिब्रूत 'त्स' आणि अरामीत 'ट' असं का, याचं उत्तर मला फार आवडतं. सेमिटिक भाषांत एक जुना ध्वनी होता. तो हिब्रूत 'त्स' झाला, अरामीत 'ट' झाला आणि अरबीत 'झ'च्या जवळ राहिला. सावलीसाठी हिब्रूत 'त्सेल' आहे आणि अरबीत 'झिल्ल'. 'जिल्ले इलाही' म्हणजे देवाची सावली, हे आपण दरबारी संबोधनांत ऐकलेलं आहे. त्याच नियमाने याआत्सचा अरबी भाऊ 'वअझ' ठरतो, म्हणजे उपदेश करणं, कानउघाडणी करणं. गझलेत सतत भेटणारा उपदेशक 'वाइज' तो हाच. अरबीत शब्द उपदेशाकडे झुकला आणि हिब्रूत ठरवण्याकडे.

अरबी भावाचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. मूळ पहिलं अक्षर 'व' होतं, ते हिब्रूत सुरुवातीला आलं की 'य' होतं. म्हणून काही रूपांत तो 'व' पुन्हा डोकं वर काढतो, जसं 'वय्यिव्वाआत्स'मध्ये. तर 'एत्सा' या नामात पहिलं अक्षर गळूनच जातं. सुरुवातीला या रूपांत काही साम्य दिसत नाही आणि वाचक गोंधळतो. क्रमांक बघा, गोंधळ मिटेल.

दोन-तीन तोतये शब्द मात्र बाजूला काढावे लागतात. झाडाला किंवा लाकडाला हिब्रूत 'एत्स' म्हणतात. त्याचा याआत्सशी काही संबंध नाही. 'सल्ला झाडासारखा भक्कम असतो, म्हणून हिब्रूत दोन्ही शब्द सारखे' असं मी प्रवचनात ऐकलं आहे. ऐकायला गोड आहे, पण झाडाच्या शब्दात मुळातला 'व' नाहीच, त्यामुळे कूळ वेगळं. यिर्मया 6:6 मध्ये तर 'एत्सा' असं रूप झाडं या अर्थाने येतं. तिथे शहराला वेढा घालायला झाडं तोडा असं सांगितलं आहे, मसलत तोडा असं नाही. दुसरीकडे 'ऊत्स' (क्रमांक 5779) हे दोनच ठिकाणी येणारं क्रियापद खरोखर सख्खं आहे. शास्ते 19:30 आणि यशया 8:10 इथे ते भेटतं. यशयातली जागा लक्षात ठेवा, शेवटी तिथे यायचं आहे.

दुसरी पायरी : क्रियापदाचा साचा ओळखा

हिब्रू क्रियापद वेगवेगळ्या साच्यांत ओतलं जातं. अॅपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की साच्याचं नाव येतं. याआत्ससाठी तीनच साचे लागतात.

'काल' हा साधा साचा. एकजण ठरवतो किंवा एकजण दुसऱ्याला सांगतो. निर्गम 18:19 मध्ये हे क्रियापद बायबलमध्ये पहिल्यांदा येतं, आणि ते मोशेचा सासरा इथ्रो याच्या तोंडी आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसतो. इथ्रो ते बघतो आणि म्हणतो, माझं ऐक, 'ईआत्सेखा', मी तुला सल्ला देतो. मग तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमण्याची सबंध व्यवस्थाच आखून देतो. म्हणजे पहिल्याच ठिकाणी हा शब्द कोरड्या उपदेशासाठी येत नाही. इथ्रोच्या सल्ल्यात नेमणुका आहेत, पायऱ्या आहेत, कोणतं प्रकरण वर न्यायचं याचा नियम आहे, आणि मोशे ते सगळं अमलात आणतो.

साध्या साच्यातलं एक ठिकाण मला बराच काळ कळलं नव्हतं. गणना 24:14 मध्ये बलाम हा द्रष्टा मवाबाचा राजा बालाक याला म्हणतो, ये, 'ईआत्सेखा', हे लोक पुढच्या काळी तुझ्या लोकांचं काय करतील ते. इथे 'सल्ला देतो' बसत नाही, कारण पुढे सल्ला येतच नाही, भविष्य येतं. पण याआत्स म्हणजे 'पुढे काय व्हायचं ठरलं आहे त्याविषयी बोलणं' असं धरलं की वाक्य सरळ होतं : काय ठरलं आहे ते तुला सांगून ठेवतो.

दुसरा साचा 'निफाल'. इथे तो एकमेकांत मिळून विचार करण्याचा अर्थ देतो. 'नोआत्स', 'वय्यिव्वाआत्स' ही त्याची रूपं. सोबत 'एत', 'इम' किंवा 'एल' ही अव्ययं येतात आणि कोणाशी मसलत केली ते सांगतात. यहूदाचा राजा हिज्कीया अश्शूरी सैन्य येण्याआधी शहराबाहेरचे झरे बुजवायचं ठरवतो, ते सरदार आणि वीर यांच्याशी मसलत करून. त्याच गादीवरचा आधीचा राजा यहोशाफाट तर थेट लोकांशीच मसलत करतो आणि सैन्यापुढे गाणारे उभे करतो.

तिसरा साचा 'हित्पाएल' फक्त एकदाच, स्तोत्र 83:3 मध्ये येतो (हिब्रूत ते 83:4 आहे, स्तोत्रांचे मथळे हिब्रूत बऱ्याचदा वचन म्हणून मोजले जातात, तेव्हा क्रमांक एकाने पुढे सरकला तर घाबरू नका). तिथे शत्रू देवाच्या जपलेल्या लोकांविरुद्ध आपसांत खलबतं करतात.

निफालचं सौंदर्य पाहायचं असेल तर 1 राजे, अध्याय 12 उघडा. शलमोन राजा वारला आहे. लोक शखेम इथे त्याचा मुलगा रहबाम याच्याकडे आले आहेत : तुझ्या बापाने लादलेलं जू हलकं कर. रहबाम आधी बापाच्या काळच्या वडीलधाऱ्यांशी मसलत करतो. ते म्हणतात, आज तू या लोकांचा सेवक झालास, तर ते कायमचे तुझे होतील. पुढच्या वाक्याचा क्रम नीट पाहा. वडीलधाऱ्यांनी दिलेली एत्सा त्याने टाकून दिली, आणि मग तो आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांशी मसलतीला बसला. टाकणं आधी, विचारणं नंतर. दुसऱ्या मसलतीआधीच निकाल लागलेला आहे.

त्याहून बारीक गोष्ट त्याच्या प्रश्नात आहे. वडीलधाऱ्यांना तो विचारतो, या लोकांना काय उत्तर द्यावं अशी तुमची मसलत आहे? तरुणांना विचारताना क्रियापद बदलतं : 'आपण' काय उत्तर द्यावं? हिब्रूत हा फरक एका प्रत्ययाचा आहे, पण त्या एका 'आपण'ने लेखक आपल्याला सांगून टाकतो की राजा मनाने कुठे बसला आहे. मराठीत हे 'आपण' अगदी तसंच उतरवता येतं, आणि ते गाळणाऱ्या भाषांतराचं मला वाईट वाटतं. पुढचं सर्वांना माहीत आहे. चाबकांऐवजी विंचवांची धमकी, आणि दहा वंश वेगळे.

याच अध्यायाच्या शेवटी, 28 व्या वचनात, वेगळ्या झालेल्या वंशांचा राजा यराबाम याच्याविषयी 'वय्यिव्वाआत्स' येतं आणि लगेच तो सोन्याची दोन वासरं घडवतो. कोणाशी मसलत केली ते सांगितलेलंच नाही. साचा अनेकांचा, माणूस एकटा. दोन वचनं आधी 'तो मनात म्हणाला' असं आहे. ज्याने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, अशा राजासाठी लेखकाने मसलतीचं क्रियापद रिकाम्या बैठकीसकट वापरलं आहे, असं मी ते वाचतो.

तिसरी पायरी : 'अल' आहे का, ते बघा

छोटी पायरी, पण चुकवू नका. याआत्सनंतर माणूस थेट कर्म म्हणून आला तर 'त्याला' सल्ला दिला. त्याआधी 'अल' ('वर', 'विरुद्ध') हे अव्यय आलं तर बहुतेकदा 'त्याच्याविरुद्ध' ठरवलं. 2 शमुवेल 17:21 मध्ये दावीदाला निरोप मिळतो : लवकर नदी पार करा, कारण अहीथोफेलाने (त्याची गोष्ट पुढच्या पायरीत आहे) 'अलेखेम', तुमच्याविरुद्ध, असं असं ठरवून दिलं आहे. यशया 7:5 मध्ये अरामाने यहूदाचा राजा आहाज याच्याविरुद्ध वाईट योजलं, तिथेही 'अल' आहे. अपवाद स्तोत्र 32:8 चा. 'ईआत्सा आलेखा एनी' यातलं 'अल' विरोधाचं नाही. तुझ्यावर माझी नजर ठेवून मी तुला सल्ला देईन, असा त्याचा अर्थ बहुतेकजण लावतात. व्याकरण तिथे खरोखर घट्ट आहे, आणि काहीजण क्रियापदच वेगळं मानतात, 'नजर रोखणे' या अर्थाचं. मला पहिलं वाचन पटतं, कारण त्याच वचनात आधी 'तुला शिकवीन, तुला मार्ग दाखवीन' असं आलं आहे.

चौथी पायरी : एत्साचं पुढे काय होतं?

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. हिब्रूत एत्साला दोन शेवट असतात. एक 'कूम', उभी राहणं, टिकणं. दुसरा 'हेफेर', मोडून टाकणं. नीतिसूत्रे 19:21 म्हणतं, माणसाच्या मनात बेत पुष्कळ, पण परमेश्वराची एत्सा तीच 'ताकूम', उभी राहील. 15:22 मध्ये दोन्ही शब्द समोरासमोर आहेत : खाजगी विचारविनिमय नसेल तर बेत मोडतात, सल्लागार पुष्कळ असले तर ते उभे राहतात. एज्रा 4:5 मध्ये मंदिर बांधणाऱ्यांचा बेत 'मोडण्यासाठी' विरोधक चक्क पैसे देऊन सल्लागार लावतात. भाडोत्री सल्लागारांचा धंदा इतका जुना आहे.

सल्ला चांगला की वाईट, एवढं विचारून भागत नाही, हे अहीथोफेलाच्या गोष्टीत दिसतं. तो दावीद राजाचा योएत्स होता, मग दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडात सामील झाला. 2 शमुवेल 16:23 सांगतं की त्या दिवसांत त्याचा सल्ला म्हणजे देवाला कौल लावल्यासारखाच मानला जाई. तो अबशालोमाला म्हणतो, बारा हजार माणसं दे, आज रात्रीच निघतो, थकलेल्या दावीदाला गाठतो, एकट्या राजाला मारतो. लष्करी दृष्टीने हे अचूक होतं. दावीदाचा मित्र हूशय मुद्दाम तिथे राहिलेला आहे, तो म्हणतो, अहीथोफेलाने 'या खेपेस' दिलेली एत्सा चांगली नाही. 'या खेपेस' हे दोन शब्द किती हुशारीचे आहेत! त्याने माणसाची कीर्ती राखली आणि सल्ला पाडला. मग तो दान ते बैर-शेबा, म्हणजे उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, सगळं इस्राएल गोळा करायची भपकेदार योजना मांडतो, आणि दावीदाला वेळ मिळतो.

17:14 मध्ये निवेदक स्वतःच म्हणतो की अहीथोफेलाची 'चांगली' एत्सा मोडावी असं परमेश्वराने ठरवलं होतं. म्हणजे सल्ला चांगला होता, हे लेखक मान्य करतो, आणि तरी तो उभा राहिला नाही. 'चांगली'चा अर्थ इथे सदाचाराची असा घेतला तर वचन विचित्र होतं. कारगर, हेतू साधणारी असा घेतला की बरोबर बसतं. आपला सल्ला अमलात आला नाही हे पाहून अहीथोफेल गाढवावर खोगीर घालतो, गावी जातो, घरची व्यवस्था लावतो आणि गळफास घेतो. ज्या माणसाचं सगळं आयुष्य 'ठरवण्यात' गेलं त्याने शेवटीही आधी घरचं ठरवलं. हे वचन मी घाईने वाचू शकत नाही.

पाचवी पायरी : एका उताऱ्यावर सगळं लावून बघा

सरावाला 2 इतिहास 25:14-17 इतकी चांगली जागा नाही. यहूदाचा राजा अमस्या अदोम्यांना हरवून येतो आणि येताना हरलेल्यांचेच देव घेऊन येतो, त्यांच्यापुढे धूप जाळतो. देव एक संदेष्टा पाठवतो. तो विचारतो, ज्या देवांना आपले लोक तुझ्या हातून सोडवता आले नाहीत त्यांच्या नादी का लागलास? तो बोलत असतानाच राजा त्याला तोडतो. तिथून पुढे आपला धातू चार वेळा येतो.

राजा म्हणतो, तुला राजाचा 'योएत्स' नेमलं आहे का? गप्प बस, मार का खायचा आहे? इथे योएत्स हे पद आहे. दरबारात ते होतंच; 1 इतिहास 27:33 मध्ये अहीथोफेल राजाचा योएत्स आणि हूशय राजाचा मित्र, अशी यादीच दिली आहे.

संदेष्टा थांबतो, पण जाता जाता म्हणतो, मला कळलं, तुझा नाश करायचं देवाने 'याआत्स', कारण तू हे केलंस आणि माझी 'एत्सा' ऐकली नाहीस. पहिला शब्द काल साचा, कर्ता देव, म्हणजे निश्चय. दुसरा नाम, म्हणजे नुकताच नाकारलेला सल्ला.

लगेच पुढचं वाक्य : मग अमस्याने 'वय्यिव्वाआत्स'. मसलत केली. निफाल साचा, आणि कोणाशी ते इथेही नाही. इस्राएलचा राजा योआश याला तो निरोप पाठवतो, ये, समोरासमोर होऊ. योआश काटेरी झुडपाची आणि गंधसरूची गोष्ट सांगून त्याला गप्प राहायला सांगतो, तोही एक सल्लाच. अमस्या तोही ऐकत नाही. बेथ-शेमेशला हरतो आणि यरुशलेमेच्या तटाचा चारशे हातांचा भाग पाडला जातो.

पद, निश्चय, सल्ला, मसलत. एकाच धातूचे चार उपयोग दोन वचनांत. लेखक मुद्दाम करतो आहे हे कशावरून? हीच लढाई 2 राजे, अध्याय 14 मध्ये आहे. तिथे हा संदेष्टा नाही आणि मसलतीचं क्रियापदही नाही, अमस्या सरळ दूत पाठवतो. इतिहास या पुस्तकाच्या लेखकाने तो शब्द आणून बसवला, म्हणजे ज्याने देवमाणसाला 'तुला सल्लागार नेमलं कोणी' विचारलं तो मग कोणाचा सल्ला घेतो, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहावा.

मराठीत हे चारही ठिकाणी एकाच शब्दाने साधेल का? मी प्रयत्न केला : 'तुला मसलतगार नेमलं आहे का?', 'देवाने तुझ्या नाशाची मसलत केली आहे', 'माझी मसलत ऐकली नाहीस', 'मग अमस्याने मसलत केली'. दुसरं वाक्य थोडं रुतून बसतं, पण खेळ ऐकू येतो.

सहावी पायरी : मराठी शब्द निवडताना

'मसलत' हा शब्द मला याआत्सच्या सगळ्यात जवळचा वाटतो. तो आणि 'सल्ला' दोन्ही अरबीतल्या एकाच धातूतून आले आहेत, आणि आपण त्यांना पुन्हा जोडून 'सल्लामसलत' केलं. मराठेशाहीच्या पत्रांत मसलत म्हणजे विचारविनिमय, राजकारणाचा बेत, आणि प्रत्यक्ष मोहीमसुद्धा. ठरवणं आणि करणं एकाच शब्दात, अगदी हिब्रूसारखं. मराठी बायबलच्या पहिल्या स्तोत्रात 'दुर्जनांच्या मसलतीने' चालत नाही तो धन्य, असं आहे. तिथे मूळ शब्द एत्साच आहे आणि निवड फार उत्तम आहे. 'सल्ला' म्हटलं असतं तर दुर्जन येऊन उपदेश करतात असं वाटलं असतं.

एकट्याने एकट्याला सांगितलं तर 'सल्ला' ठीक. 'अल' असेल आणि हेतू वाईट असेल तर 'कट' किंवा 'घाट घालणे'. राजे बंद दाराआड बसले तर 'खलबत'. देव कर्ता असेल तर 'संकल्प', पण एक लक्षात ठेवून, की संकल्प म्हटल्यावर मूळ शब्दातला बैठकीचा वास निघून जातो. यशया 40 मध्ये प्रश्नच असा आहे की परमेश्वराने कोणाशी मसलत केली, कोणी त्याला समज दिली? तिथे निफाल आहे, आणि उत्तर 'कोणाशीच नाही' असं आहे. तिथे संकल्प चालणार नाही.

आधुनिक हिब्रूतला अर्थ मागे ओढून आणू नका. आज इस्राएलमध्ये 'मोआत्सा' म्हणजे मंडळ किंवा परिषद. सोव्हिएत संघाच्या हिब्रू नावातही हाच शब्द अनेकवचनात आहे. बायबलमधल्या मोएत्सोतला त्याचा उपयोग नाही. प्रार्थनेतला वापर मात्र जुन्या अर्थाशी घट्ट आहे. बेने इस्रायल या मराठी यहुदी समाजातलं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या रोजच्या प्रार्थनेबद्दल विचारा. 'आमचे न्यायाधीश पूर्वीसारखे आणि आमचे योएत्स आरंभीसारखे परत दे' अशी मागणी तिच्यात आहे. ती यशया 1:26 वरून घेतलेली आहे.

आता 'अद्भुत मंत्री'

हे वचन हिब्रूत 9:5 आहे. शब्द 'पेले योएत्स'. पेले म्हणजे अचंबा, माणसाच्या आवाक्याबाहेरचं काही. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी इथे 'महान मसलतीचा दूत' असं केलं, म्हणजे त्यांनाही मसलत हाच गाभा वाटला.

सुटं वचन न वाचता सातव्या अध्यायापासून या. इ.स.पू. 734 च्या सुमारास अराम आणि एफ्राईम (म्हणजे उत्तरेचं इस्राएल राज्य) मिळून यहूदावर चालून येतात. 7:5 : त्यांनी तुझ्याविरुद्ध वाईट योजलं आहे, 'याआत्स आलेखा'. 7:7 : ते उभं राहणार नाही, 'लो ताकूम'. 8:10 : 'ऊत्सू एत्सा वेतुफार', करा मसलत, ती मोडेल. आपल्या चौथ्या पायरीतले दोन्ही शब्द इथे आले. राजांच्या मसलती उभ्या राहत नाहीत, मोडतात, असं दोन अध्याय सांगून झाल्यावर मग बाळाचा जन्म येतो आणि त्याचं पहिलं नाव योएत्स. ज्याचं ठरवलेलं उभं राहतं असा राजा, हा त्या नावाचा रोख आहे. 'सुंदर सल्ला देणारा' एवढ्याने भागत नाही.

आणि 'पेले' का? त्यासाठी 28 व्या अध्यायाच्या शेवटी जा, 23 ते 29 वचनं. तिथे एक शेतकरी आहे. तो सदानकदा नांगरतच बसत नाही. जमीन सपाट झाली की कलौंजी टाकतो, जिरे पेरतो, गहू आणि जव ओळींत लावतो. मळणीला कलौंजीवर दात्यांचा जड फळा फिरवत नाही, जिऱ्यावर गाडीचं चाक नेत नाही. कलौंजी काठीने झोडतो, जिरे छडीने. भाकरीचं धान्य मळतो, पण त्याचा चुरा होईपर्यंत मळत राहत नाही. हे त्याला त्याच्या देवाने शिकवलं, असं यशया म्हणतो, आणि शेवटी परमेश्वराविषयी दोन शब्द : 'हिफली एत्सा'. पेले आणि योएत्स यांचेच दोन धातू, या वेळी शेतात.

ज्याने खळ्यावर मळणी पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मी आता ते नाव वाचताना मंत्रालयाकडे जात नाही. जिऱ्याला किती जोराने झोडायचं हे ज्याला कळतं, त्याच्याकडे जातो.